पेडलवरचा पाय

कादर मिस्त्री गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. मोखाड्याच्या दवाखान्यात मी सिरिंजा उकळत ठेवल्या होत्या, आणि तो खिडकीतूनच म्हणाला, "जव्हारचे कादरभाई गेले, नर्सबाई. काल दफन झालं." मी चिमट्यानं सुई उचलत होते, ती उचलली. खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की सुटले. एक गोष्ट फक्त त्याला आणि मला ठाऊक होती. ती त्यानं कधी तोंडातून काढली नाही, आणि त्याचाच मला राग होता. आता तीन आठवड्यांनी त्याचा मुलगा वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी चार शब्द मागायला आला. "अब्बांना तुम्ही इतकी वर्षं ओळखत होतात," म्हणाला. ओळखत होते, म्हणून लिहिते आहे. गोड लिहीन असं मी त्याला कबूल केलेलं नाही. तोंडावर मी कादरभाईंना अहो-जाहो करत असे, मनात कधीच केलं नाही, तेव्हा इथेही करत नाही.

आमच्या दवाखान्याची जीप कुठून तरी वापरून झाल्यावर आमच्या गळ्यात पडलेली. दर दोन-तीन महिन्यांनी तिच्या ब्रेकमध्ये हवा धरायची. ब्रेकच्या नळीत नुसतं तेल असावं लागतं. हवा शिरली की पेडल गादीवर पाय द्यावा तसं खाली जातं आणि गाडी आपली चालतच राहते. ही हवा काढायला माणसं दोन लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन एक बारीक स्क्रू सैल करायचा. मग तेलाबरोबर बुडबुडे बाटलीत येतात. स्क्रू पुन्हा आवळला की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर तीच नळी बाहेरची हवा आत ओढून घेते आणि सगळं पाण्यात. कादरच्या गॅरेजात हाताखाली माणसं होती, पण पेडलवर तो त्यांना कधी बसवायचा नाही. ज्याला गाडीतून जायचं आहे त्यानंच बसायचं, हा त्याचा कायदा. मोठमोठ्या साहेबांना त्यानं बूट काढून बसवलेलं मी पाहिलं आहे. "घाट तुम्हाला उतरायचाय. तुमच्या पायाला कळायला पाहिजे," म्हणायचा. पहिल्या वेळी मी त्याला सुनावलं, "मी नर्स आहे, तुमची नोकर नाही." गाडीखालून उत्तर आलं, "चप्पल काढा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण चप्पल काढली, कारण जव्हारात तेव्हा ते काम करणारा तोच.

तसा तो माणूस कुणालाच आवडण्यासारखा नव्हता. कुणी चौकशी केली तर मान वर करायचा नाही. चहा पाजायचा नाही. माझ्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या मात्र न विचारता उचलायचा, बुडबुडे बघायला. मी दर वेळी पेडलवर बसून त्याच्यावर धुमसायची आणि तो खालून तीनच शब्द बोलायचा. दाबा. धरा. सोडा.

त्या दिवशी भातकापणी चालू होती. जीपचे मागचे ब्रेक गळायला लागले म्हणून मी सकाळीच ड्रायव्हरला घेऊन जव्हारला आले होते. काम होत आलं तसा ड्रायव्हर पेट्रोल आणायला डबा घेऊन गेला. शेवटचं चाक राहिलं होतं. "धरा," कादर म्हणाला, आणि मी पेडल तळाला दाबून धरलं. तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. पोशेरे गावचा लहानू धावत येत होता. त्याची बायको जनी, हिला मीच तपासत होते. पहिलं बाळंतपण. तो मोखाड्याला दवाखान्यात जाऊन, तिथून बस धरून जव्हारला आला होता. "नर्सबाय, जनी अडलीय. राती धरशी कळा येतात. चाल." मी वळले... आणि माझा पाय उचलला गेला.

खाली स्क्रू उघडा होता.  कादर बाहेर येऊन माझ्याकडे बघून म्हणाला, "हवा आत गेली, बाई. पहिल्या चाकापासून परत." डब्यात ब्रेकचं तेल उरलं नव्हतं. ते आणायला त्यानं बाजारात माणूस पाठवला. मी म्हणाले, आहे तशी गाडी द्या. त्यानं किल्ली काढून खिशात घातली. "घाटात ब्रेक नाही लागणार." लहानूला यातलं काही समजत नव्हतं. तो मला विचारत होता, गाडी का निघत नाही? आणि मी कादरकडे हात केला. "हे देत नाहीत," मी म्हणाले. "यांच्या हट्टापायी ती बाई मरेल." कादरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मग चाकाशी आडवा झाला. दुसरी गाडी शोधायला धावावं हेसुद्धा मला सुचलं नाही, मी भांडत राहिले. तेल यायला आणि चारी चाकं पुन्हा व्हायला दीड तास गेला. पेडलवर पुन्हा मीच बसले. या वेळी त्यानं सोडा म्हटल्याशिवाय पाय हलवला नाही. पोशेऱ्याला पोचलो तेव्हा सुईण दारात बसली होती. अर्धा तास झाला म्हणाली. जनी गेली होती, पोटातल्या लेकरासकट.

त्यानंतर लहानू दर बाजाराला कादरच्या दारासमोर उभा राहायचा. "माझी बायको मारलीस," एवढं म्हणून थुंकायचा आणि जायचा. पोशेऱ्याची माणसं त्याच्या दारात थांबणाऱ्या गाड्यांत चढेनाशी झाली. मी हे ऐकत होते. एक शब्द पुरला असता, माझा किंवा त्याचा. मी बोलले नाही हे माझं झालं. पण तो का नाही बोलला? मी वाट पाहत होते, तो बोलला असता तर मी नाकबूल केलं असतं, भांडले असते, माझं मन मोकळं झालं असतं. उलट मीच वर अर्ज केला की आमची जीप यापुढे दुसरीकडे पाठवावी. तो मंजूर झाला. नंतर कादर रस्त्यात भेटला तर सलाम करायचा... नेहमीसारखा, ना कमी ना जास्त. दहा-बारा वर्षं. माणसानं माणसावर इतका भार टाकू नये.

तो गेल्यावर घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्याच्या सुनेनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "अब्बा सांगायचे, त्या दिवशी स्क्रूचे आटे गेले होते, म्हणून उशीर झाला. बाईंनी फार धावपळ केली म्हणायचे." घरातसुद्धा तो खोटं बोलला होता. मला त्याचे उपकार नको होते. मी पाणी न पिता उठले.

मग गेल्या सोमवारी पोशेऱ्याला गेले. लहानू नागलीच्या खळ्यात बसला होता. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. पेडल कसं, स्क्रू कसा, त्याची हाक आली तेव्हा मी काय केलं. त्याला दोनदा सांगावं लागलं. हातातली काडी तो जमिनीवर ओढत राहिला.

"त्याला म्हाईत होता?" त्यानं विचारलं.

"होतं."

"मंग तो बोलला कां नाय?"

तेच मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आले आहे.  लहानू उठला, आत जाऊन सदरा घालून आला. त्याच्या डोळ्यांत माझ्यासाठी जे होतं ते इतकी वर्षं कादरच्या वाट्याला जात होतं.

"त्याला कुठं पुरला?" म्हणाला.

मी सांगितलं, जव्हारच्या कब्रस्तानात, आणि चप्पल पायात सरकवली. म्हटलं, चल, मी दाखवते.

"तू नको येव," लहानू म्हणाला, आणि एकटाच रस्त्याला लागला.