धुण्याचा खडक

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही, मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो — पण माझी कीव करत ऐकणार असाल, तर इथंच थांबा.

साठ सालानंतरची गोष्ट. मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो आणि दिग्रसजवळच्या एका नाल्यावर पायी जाण्यासाठी लोखंडी पूल बांधला. पुरात अख्खी झाडं वाहून येत, म्हणून पात्रात एकही खांब नको, हा माझा हट्ट. मग पूल तोलायचा कशावर? मी कठड्यांनाच कामाला लावलं! दोन्ही कठडे लोखंडी त्रिकोणांचे, सगळा भार त्यांच्यावर. सुटे भाग बैलगाड्यांतून आणले, काठावर नटबोल्टांनी जोडले आणि दोर-कप्पीनं सांगाडा पलीकडे ओढला. आधी हसलेल्या साहेबांनी मग पाठ थोपटली. त्या पुलाची मला लाज नाही. आजही कुणी त्याला नाव ठेवलं तर मी भांडेन.

लाज आहे ती जागेची.

नाल्याच्या अलीकडे गाव, शाळा, सडक. पलीकडे आमच्या लोकांची वस्ती — हो, आमच्या. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. माझ्या मामीचं घर त्याच वस्तीत. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिची लेक शेवंता तेव्हा चौथीत होती, भलती हुशार. नाला भरला की तिची शाळा बंद. पूल वस्तीसमोर व्हावा, एवढंच मामीचं म्हणणं. आणि जागाही तीच उत्तम होती — दोन्ही काठांना खडक. पूल टेकवायला आणखी काय लागतं?

मग मी काय केलं? साहेबांना सांगितलं, तिथं खोलवर काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हात फाटते, पाया टिकायचा नाही. पूल बराच वर, पाटलाच्या कापसाच्या वावरांकडे नेऊ. साहेबांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

पाटलानं धमकावलं होतं का? छे! तो माझ्याशी धड बोललाही नव्हता. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही दिलं नाही. मलाच आपलं ऐकू येत होतं, कुणी न बोललेलं — पाहा, यानं पूल आपल्या लोकांच्या दारात नेला. त्या कचेरीत त्या खुर्चीवर बसलेला आमच्यातला मी पहिला. मला निःपक्षपाती दिसायचं होतं. आपल्याच माणसांना नाकारलं की तसं दिसता येतं — आणि मी दिसलो. बढतीच्या वेळी साहेबांनी नेमकं तेच कौतुक केलं.

पूल झाल्यावर मामी बघायला आली. वावरं तुडवत आली, कारण पुलापासून वस्तीपर्यंत वाटच नव्हती. पावसाळ्यात तर तिथं गुडघाभर चिखल. तिनं कठड्यावरून हात फिरवला.

"लय मजबूत केला बापू. पण आमच्याकडं काहून नाही आणला?"

म्हटलं, तिथली जमीन खराब आहे, मामी.

तिनं कठड्यावरचा हात काढून घेतला. "त्या खडकावर तं आमी रोज कपडे धुतो," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. पुन्हा तिनं तो विषय कधी काढला नाही. त्या पावसाळ्यात शेवंताची शाळा सुटली, ती कायमचीच.

तेव्हा काळच तसा होता, असं कृपा करून म्हणू नका. त्याच काळात आमची माणसं ताठ मानेनं सडकेवरून चालायला लागली होती. भ्यालो तो मी. मला माफीही नको. ती द्यायची कुणी, तुम्ही?

काळी माती तिथं नव्हतीच. तो खडक मला मोजमाप घेण्याआधीपासून ठाऊक होता. त्याच्यावरच बसवून मामी मला लहानपणी अंघोळ घालायची.