मागच्या सीटवरून खुलताबाद

सकाळच्या गारव्यात आम्ही गारखेड्यातून निघालो. आम्ही म्हणजे पुढच्या सीटवर शबाना, मागच्या सीटवर मी, आणि दोघींची मिळून एक सायकल. मला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, म्हणून हँडल आणि ब्रेक तिच्याकडे. पायडल मात्र साखळीने एकमेकांना जोडलेली. तिचे पाय थांबले की माझेही थांबतात.

कॉलेजपासून मी अशा जोडसायकलच्या शर्यती खेळत आले. पुढच्या सीटवर कायम माझी जुनी जोडीदार सुनीताताई असायची. तिची नागपूरला बदली झाली आणि सायकल जिन्याखाली पडून राहिली. मग शाळेत खेळ शिकवणारी ही पडेगावची शबाना आपणहून म्हणाली, "मी बसते की पुढं." खुलताबादला जाऊन यायचं, जमलं तर राज्य स्पर्धेला दोघींचं नाव द्यायचं, नाहीतर शर्यती कायमच्या सोडायच्या, असं मी मनाशी ठरवलं होतं.

छावणीत झाडांची सावली चेहऱ्यावरून सरकत राहिली. कुठून तरी पाव भाजल्याचा वास आला. मी अर्धी जागी, अर्धी तरंगत. पडेगावात शबानाला कुणीतरी सलाम केला. बाईसाहेबांनी हात वर केला आणि पाय थांबवले, मला न सांगता! माझा पाय सटकला, दोघी गवतात.

"अगं, थांबायच्या आधी बोल की!"

"सॉरी ताई, आदत नाय ना अजून."

दौलताबादच्या जुन्या दरवाज्याखाली चाकांचा आवाज एकदम जवळ आला, गार झाला, मग पुन्हा मोकळा. पुढे घाट लागला. "तुम्ही आराम करा ताई, मी खेचते," शबाना म्हणाली. मी काय पोतं आहे? चिडून मी दुप्पट जोर लावला.

खुलताबादला एका मावशींनी जांब (पेरू) कापून तिखट-मीठ लावून हातावर ठेवला. "खा बाई, लई गोड हाय." खरंच गोड होता.

उतारावर मात्र शबानाने ब्रेक सोडलाच नाही. रबर जळल्याचा वास यायला लागला. मी थांबायला लावलं.

"घाबरतेस?"

"व्हय. तुम्हाला पाडलं तर? लोक म्हणतील, आंधळ्या बाईला पाडलं."

"तू कधी पडली नाहीस?"

"मी? लई बार."

"मग मलाही पडू दे की!" माझा आवाज चढला होता. डोळ्यांत पाणीही आलं होतं.

तिने सायकल सरळ केली. म्हणाली, "बसा."

आणि सायकल सुटली. वारा कानात भरला, अंगाचं वजन गेलं, रस्ता खाली आहे की मीच कुठे वर आहे, काही कळेना. उतार संपला तरी मी त्याच गुंगीत. पाय कसेबसे फिरत होते.

"ओ ताई! झोपल्या का? मारा ना पाय! मी एकटीच मरू का इकडं?"

आयुष्यभर लोकांनी मला जपलं, हात धरून रस्ता ओलांडून दिला. कामचुकार म्हणून असं खडसावलं नव्हतं कुणी. मला इतका आनंद झाला की मोठ्याने हसू फुटलं.

गारखेड्यात उतरताना मी म्हटलं, "शबाना, राज्य स्पर्धेला उद्याच नाव देऊन टाकू."

"पण स्पर्धेत मी याच्याहून जास्त ओरडते हां, ताई."

"ओरड गं," मी म्हटलं. "अगदी घसा बसेपर्यंत ओरड."