लेन्सवरचं कुंकू

खंडेनवमीला घरचा कॅमेरा पाटावर मांडला की ती चोरी हटकून आठवते. निवृत्त झालो तरी ती काही पाठ सोडत नाही.

कोल्हापूरच्या एका ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. ऐन वैशाखात एका मंगल कार्यालयातून लेन्स चोरीला गेली. फिर्यादी जोतिबा डोंगरावरचा, पन्नाशीतला फोटोग्राफर. बॅगेत दोन कॅमेरे, तीन लेन्स. चोराने एकच उचलली, लांबचं जवळ आणणारी. घेतानाच वापरलेली होती, त्यामुळे बिल नाही, नंबरही टिपलेला नाही.

"मग ओळखणार कशी?" मी वैतागलो.

"रबराच्या खाचंत कुंकू हाय, सायेब. गेल्या खंडेनवमीला बायकोनं लावल्यालं. माघात ती गेली. लेन्स काय, दुसरी मिळंल की. तिच्या हातचं कुंकू कुठनं आणू?"

फिर्यादीत 'ओळखीची खूण : कुंकवाचा ठिपका' असं लिहून घेतलं. ठाणे अंमलदार गालात हसला. त्याला झापलं, पण आशा मलाही नव्हती.

एक मात्र खटकलं. दोन कॅमेरे सोडून एकच लेन्स नेणारा भुरटा चोर नव्हे. तिला जुळणारा कॅमेरा त्याच्याकडे असणार आणि नेमकी हीच लेन्स कमी असणार. जुनं सामान विकणाऱ्या दुकानदारांना तसं सांगून ठेवलं.

दसरा झाल्यावर एकाचा फोन आला. "सायेब, गारगोटीचा एक फोटोवाला असलीच लेन्स आपल्या कॅमेऱ्याला लावून बघायला चैत्रात तीनदा आलता. न घेताच गेलता. आज तिच्या मापाचा फिल्टर मागतोय. घोडं न्हाई, मग खोगीर कशाला?"

पंचांसमक्ष लेन्स जप्त केली. हवालदार सवयीने धूळ पुसायला फडकं काढू लागला, तेव्हा मी ओरडलोच.

तिशीतला तो माणूस समोर बसला. नजर पायांवर.

"कुठनं आणलीस?"

"पुण्याच्या दुकानातनं, सायेब. पावती हरवली."

मी लेन्स फिरवली. खाचेत ठिपके दोन होते, एक ताजा, एक फिकट.

"हे ताजं?"

"खंडेनवमीला आईनं लावलं."

"आणि जुनं? दुकानदार लेन्स लखलखीत पुसल्याशिवाय विकायला मांडतो होय रे?"

तो रडायलाच लागला. "पुसणार हुतो सायेब, पर आईनं हात धरला. म्हणली, पूजंचं कुंकू पुसत न्हाईत. चोरलेली हाय हे तिला म्हाईत न्हाई."

गुन्हा उघडकीस आल्याचा आनंद त्या दिवशी झाला नाही. तोवर मी चोर एकीकडे आणि साव एकीकडे अशी सरळ वाटणी करायचो. दोघांच्याही घरी आई असते, देव्हारा असतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल परत दिला. फिर्यादीने लेन्स उजेडात धरली. फिकट ठिपका दिसताच त्याचे डोळे भरले. मग शेजारचा दिसला.

"ह्यो कुणाचा?"

"चोराच्या आईचा. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं."

त्याने रुमाल काढला. आता रागाने पुसणार असं मला वाटलं. त्याने लेन्स रुमालात अलगद गुंडाळली.

"ऱ्हाऊ दे सायेब. पूजंचं कुंकू पुसत न्हाईत."

हेच शब्द मी आधी कुणाच्या तोंडून ऐकले होते, ते त्याला सांगितलं नाही.