बाविसावं नाव

मुलीचं मत मी भलत्याच नावाला दिलं. चुकून नव्हे. घरात इतकी वर्षं उलटं सांगत आलो, म्हणून लिहून ठेवतो.

नेदरलँड्समध्ये स्वतःला जाता येणार नसेल, तर मतदार कार्डामागे सही करून आपलं मत दुसऱ्याच्या हाती देतो. मुलगी त्या आठवड्यात कामासाठी परदेशी जाणार होती. आमच्या आइंडहोवनच्या स्वयंपाकघरात सही करताना म्हणाली, "बाबा, आपल्या पक्षाच्या यादीतलं पहिलं नाव नको हं. ते सगळेच रंगवतात. बाविसावं." त्या उमेदवार बाईंचं लग्न एका बाईशी झालेलं होतं. मुलगीही तिच्या मैत्रिणीशी लग्न करणार होती.

"संसदेत असे बरेच आहेत की," मी म्हणालो.

"आपल्यासारख्या देशी घरातली एक दाखवा. ही निवडून आली, तर तुम्हाला मराठी मंडळात माझ्याबद्दल सांगायला सोपं जाईल. तुमचीच सोय बघतेय."

मतदान शाळेच्या जिममध्ये होतं. चादरीएवढी मतपत्रिका, लाल पेन्सिल. माझं मत आणि तिचं, दोन्ही एकदमच द्यायची. आडोशाला मी एकटाच होतो. तरी वाटलं, बाविसाव्या नावापुढचं वर्तुळ रंगवलं, की या लग्नाला हो म्हटल्यासारखं होईल. दोन्ही कागदांवर पहिलं नाव रंगवलं. फोनवर तिला म्हणालो, "दिलं."

त्या बाई हरल्या. लग्न झालंच. त्यात मुलीच्या बायकोने भाषणात माझे आभार मानले: सासऱ्यांनी आमच्यासाठी मत दिलं. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

गेल्या रविवारी मुलीला खरं सांगितलं.

"माहितीये," ती भांडी पुसत म्हणाली. "नगरपालिका प्रत्येक केंद्रावरची मतं नावानिशी जाहीर करते. तुमच्या जिममध्ये त्या बाईंना शून्य."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू किती वर्षं पचतंय. पण माझ्या बायकोला माहीत नाही. तिला तुम्हीच सांगा. डचमध्ये. मी मध्ये पडणार नाही."

सून बाहेरच्या खोलीत सोफ्यावर वाचत बसली होती. माझं डच कामापुरतं. त्यात 'नाही' हा शब्द वाक्यात कुठे घालायचा, हे मला अजून जमत नाही. 'त्या बाईंना मी मत दिलं नाही' हे माझं वाक्य ऐकून ती हसली आणि सवयीने दुरुस्त करून तिने त्यातला 'नाही' काढून टाकला.

मी तो परत घातला आणि वाक्य पुन्हा म्हटलं. मग तिने पुस्तक मिटलं.