आधी मी जाते

पोलीस वसाहतीच्या तळमजल्यावर वहिनींचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. एक फिरती खुर्ची, एक आरसा आणि आतल्या खोलीच्या दाराला पडदा. वहिनींचा नवरा हवालदार, पण वसाहतीतल्या बायका म्हणायच्या, "ठाण्यात कसली चौकशी होते! खरी चौकशी वहिनींच्या खुर्चीत." भुवईला दोरा लागला की दुखणं विसरायला बाई बोलायला लागायची आणि बोलता बोलता सासूपासून साहेबांपर्यंत सगळं बाहेर पडायचं. वहिनी ऐकायच्या आणि पोटात ठेवायच्या.

घरात बोलघेवडे होते ते हवालदार. ड्युटीवरून आले की बूट काढायच्या आधी गोष्ट सुरू. पाठलागात चोराची चप्पल चिखलात रुतली आणि यांचे बूटही रुतले, मग दोघं अनवाणी कसे पळाले, हे ऐकताना लेक हसून हसून लोळायची.

मग एका सकाळी बाजारातली जुनी इमारत कोसळली. हवालदार दिवसभर तिथंच होते. संध्याकाळी घरी आले ते धुळीनं पांढरे होऊन, आणि तोंडाला कुलूप लावून. वहिनींना वाटलं, दमलेत. आठवडा गेला, महिना गेला, कुलूप काही उघडेना. जेवताना घास हातात धरून बसायचे. लेकीनं लाडानं हात धरला की चटका बसल्यासारखा सोडवून घ्यायचे. "काय झालं?" विचारलं तर, "कुठं काय?"

त्यात एक नवीनच सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी हवालदार इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच बाहेर पडायला लागले. कुठं जाता म्हटलं तर, "काम आहे."

शेजारची, पोलीस गाडीच्या ड्रायव्हरची बायको, खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "वहिनी, पोलीस साध्या कपड्यात दोनच कारणांनी जातो. एक तर पाळत ठेवायला, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"आधी माझी दुसरी भुवई करा, मग सांगते. तुमचा हात आत्ताच थरथरतोय."

वहिनी हसल्या खऱ्या, पण मनात संशयाचं भूत शिरलं ते शिरलंच. पुढच्या सुट्टीला हवालदार निघाले तशा त्याही तोंडाला ओढणी गुंडाळून निघाल्या. पोलिसाच्या मागावर पोलिसाची बायको! बाजार मागं पडला, बसथांबा मागं पडला. हवालदार शिरले ते थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात. जिना चढले, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला बाकावर जाऊन बसले. समोरच्या दारावर पाटी होती: मनोविकार विभाग.

वहिनी खांबाआड उभ्या राहिल्या. दुसरी बाई असती तर भांडता तरी आलं असतं.

नर्सनं दारातून नंबर पुकारला. हवालदारांनी हातातला कागद पाहिला आणि खिशात घातला. पुन्हा पुकारला. ते उठले, शर्ट नीट केला आणि दाराकडं न जाता तडक जिन्याकडं वळले. खांबाजवळ समोरासमोरच आले.

"तू? तू इथं काय करतेस?"

"तुमची दुसरी बाई बघायला आले होते," वहिनींनी ओढणी काढत सांगितलं.

हवालदारांना हसू आलं. किती दिवसांनी आलं! आणि हसता हसताच त्यांचा बांध फुटला. येणारेजाणारे बघत होते. वहिनींनी त्यांना बाकावर बसवलं.

"ढिगाऱ्यातून एका माणसाचा हात तेवढा बाहेर होता," ते म्हणाले. "मशीन येईपर्यंत मी तो धरून बसलो. त्याच्याशी बोलत होतो. मुलं किती, कुठं राहतोस. तोही सांगत होता. मग बोलायचा थांबला. मी मात्र बोलतच राहिलो गं."

लेकीचा हात ते का झटकतात, ते वहिनींना आत्ता उमगलं.

"दर सुट्टीला येतो. नंबर पुकारला की पळून जातो. ठाण्यात कळलं तर? हवालदाराच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील. हत्यार काढून घेतील, कोपऱ्यात टेबलावर बसवतील."

तेवढ्यात नर्स पुन्हा दारात आली. "अहो, येताय का कुणी? का पुढचा घेऊ?"

वहिनी उठल्या. "आधी मी जाते."

"तू? तुला काय झालंय?"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

नर्सनं क्षणभर दोघांकडं बघितलं आणि दार उघडं धरलं. आत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "झोप लागते का हो तुम्हाला?" आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या वहिनी त्या एका प्रश्नानं घडाघडा बोलायला लागल्या. नवऱ्याला यायला उशीर झाला की छातीत कसं धडधडतं, लेक घरात दबकत कशी चालते, स्वतः न्हाणीत नळ सोडून कशा रडतात. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण खांदे सैल पडले होते.

"काय विचारलं?" हवालदार कुजबुजले.

"माझं मला विचारलं. तुमचं तुम्ही सांगा."

आणि हवालदार आत गेले.

सगळं लगेच सुतासारखं सरळ झालं असं नाही. गोळ्या सुरू झाल्या, काही दिवस त्यामुळं नुसती झोपच यायची. साहेबांना हवालदारांनी स्वतःच सांगितलं. त्यांची बंदोबस्ताची ड्युटी काही काळ बंद झाली. ठाण्यात एकानं "स्क्रू घट्ट झाला का?" म्हणून टोमणा मारला, तो त्यांना लागला. पण आता तो टोमणा घरी येऊन सांगता येत होता. गप्प राहावंसं वाटलं तर म्हणायचे, "आज बोलायला नको," आणि लेकीला घेऊन फिरायला जायचे. घराला त्या गप्पपणाची भीती वाटेनाशी झाली.

वहिनींनी मग महिन्यातून एक दुपार पार्लर बंद ठेवायला सुरुवात केली. दोरा बाजूला, सतरंजी खाली. डॉक्टरीणबाई यायच्या आणि वसाहतीतल्या बायका जमायच्या. नियम एकच, इथलं इथंच. सुरुवातीला दोघी-तिघीच होत्या. पहिली बोलली ती ड्रायव्हरची बायको. नवरा झोपेत गाडी चालवतो, ब्रेक दाबतो आणि लाथ हिला बसते, असं तिनं सांगितलं. सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर ती रडली, आणि पुढच्या महिन्यात नवऱ्यालाच दवाखान्यात घेऊन गेली.

एका दुपारी दारात चक्क साहेबांच्या बाईसाहेब उभ्या राहिल्या. सगळ्याजणी धडपडून उठल्या. खुर्चीत एक गरोदर शिपाई बसली होती, तीही उठायला लागली.

"बस गं," बाईसाहेब म्हणाल्या आणि सतरंजीवर टेकल्या. "मी सहज आले हो. आमच्याकडे सगळं छान आहे."

ड्रायव्हरच्या बायकोनं चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. बाईसाहेबांनी तो सावकाश संपवला, खाली ठेवला आणि पदरानं ओठ टिपले.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या.

वहिनी उठल्या आणि दार लावून घेतलं.