आबांचा उजवा कान

आबा लोखंडाला कान लावून बसत. आमच्या तळ्याच्या भिंतीवर एक चाक होतं. चाकाखाली मनगटाएवढी जाड लोखंडी दांडी, आणि दांडीच्या पार खालच्या टोकाला, पाण्याच्या तळाशी, पाटाचं तोंड उघडणारी-झाकणारी झडप. आबा सकाळी भिंतीवर येत, टोपी काढून मांडीवर ठेवत, उजवा कान दांडीला टेकवत आणि डोळे मिटून घेत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणसाला डुलकी लागली. थोड्या वेळानं उठून सांगत, "आज गाळ लई हाय. दोन बोटं वर घ्यावं लागंल." आणि ते खरं निघे.

डावा कान गेलेलाच होता. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच तळ्याच्या कामावर सुरुंग उडाला तेव्हा ते जवळ उभे होते. पण त्या बहिऱ्या कानाचा त्यांनी चांगला उपयोग करून घेतला होता. ज्याचं बोलणं ऐकायचं नसेल, त्याच्याकडं ते डावी बाजू करून बसत. हॉटेलात कुणी कुणाची निंदा सुरू केली की आबा बाकड्यावर जागच्या जागी हळूच वळत. सोसायटीचे चेअरमन एकदा चिडून म्हणाले, "आबा, मी बोलाया लागलो की तुमची मान कशी काय वळती हो?"

आबा म्हणाले, "आं?"

ते आमच्या पाणी सोसायटीचे पाटकरी. चाक फिरवून पाटाला पाणी सोडायचं, पाळी संपली की बंद करायचं, एवढंच काम. बायको लवकर गेलेली, एकुलती लेक अणदूरला दिलेली. तळ्याच्या भिंतीलगत एका खोलीत एकटे राहत. गाव परंड्यापासून दोन कोसांवर, आणि तळं गावापासून हाकेच्या बाहेर. संध्याकाळी गावातून बघितलं की भिंतीवर एक माणूस आणि एक चाक, एवढंच दिसे.

मला ते 'बीए' म्हणत. मी आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला पदवीधर. माझ्या बापानं ह्याच तळ्याच्या कामावर टोपल्यानं माती वाहिली आणि मी बार्शीच्या कॉलेजातून बीए होऊन आलो, हे मी आजही मान वर करून सांगतो. तेव्हा तर जरा जास्तच वर करून सांगत होतो. आबांना त्याचं हसू येई. "ये बीए, बस. पर उजव्या अंगाला बस, म्हंजे ऐकू येईल तुझं विंग्रजी."

ऐंशीनंतरची गोष्ट. लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला. तळं निम्म्यावर आलं. पाटाखालच्या रानात गहू आणि हरभरा उभा होता, त्याला पाणी पाहिजे होतं. इकडं गावातल्या विहिरी तळ्याच्या पाझरावर जगत. तळं उतरलं की त्या उतरायच्या, आणि सगळ्यात आधी आटायची ती आमच्या वस्तीची विहीर. आई तेव्हा विहिरीत उतरून वाटीनं घागर भरायची. पाट चालू ठेवायचा की बंद करायचा, ह्यावर भावकी-भावकीत बोलणं बंद झालं. शेवटी ठरलं, तळं सगळ्या गावानं माती वाहून बांधलंय, तर नुसत्या सोसायटीच्या सभासदांना नको, सगळ्या गावाला विचारायचं.

शाळेच्या खोलीत घोंगडीच्या आडोशाला दोन मडकी ठेवली. पांढऱ्या फडक्याचं मडकं म्हणजे पाट बंद, लाल फडक्याचं म्हणजे पाट चालू. दारात आबा बसले आणि येईल त्याच्या हातावर एक-एक चिंचोका ठेवत गेले. बाया-माणसं, शेतवाले, बिनशेतवाले, सगळ्यांना एकच. माझ्या आईनं चिंचोका एवढा घट्ट धरला होता, की हात उघडला तेव्हा तळव्यावर त्याचा वळ उठला होता. शेवटी मी म्हटलं, "आबा, तुमचा राहिला की."

"ज्येच्या हातात चाक, त्येनं चिंचोका टाकू न्हाय," आबा म्हणाले आणि आपला चिंचोका त्यांनी बंडीच्या खिशात टाकला.

पाट बंद. नऊ चिंचोक्यांनी.

चेअरमनचा गहू पाटाखाली. ते म्हणाले, "नऊ चिंचोक्यांनी काय व्हतंय? पोरी खेळताना ह्याच्यापरीस जास्त हरत्यात." पण निकाल त्यांनी नाकारला नाही. खरी भांडणं पुढंच सुरू झाली. ठराव मी लिहिला होता. गावात सुवाच्य आणि शुद्ध लिहिणारा मी एकटा, तेव्हा मोठ्या डौलात लिहिलं : 'तळ्याचे पाणी बंद करण्यात यावे.' कधी, हे लिहायचं राहूनच गेलं. चेअरमननी कागद दोनदा वाचला आणि शांतपणे विचारलं, "ह्यात तारीख कुठाय, ग्रॅज्वेट?"

झालं. पाटाखालचे म्हणू लागले, बंद करा की, पण सुगी झाल्यावर. आम्ही म्हणू लागलो, आज, आत्ता. आमच्यातलेच काही म्हणाले, एक पाळी देऊ आणि मग बंद करू, तर त्यांना आम्ही फितूर ठरवलं. दोन्हीकडची माणसं भिंतीवर जाऊन आबांशी भांडली. आबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि आपलंच केलं. झडप पुरती मिटायला एकवीस फेरे लागत. ते रोज एक फेरा देऊ लागले.

एक फेरा म्हणजे पाणी एवढंसं कमी. कालच्यात आणि आजच्यात फरक दिसायचाच नाही. आम्ही जिंकलेले म्हणू लागलो, म्हातारा चेअरमनला मिळालाय. चेअरमन म्हणू लागले, म्हातारा बोटाबोटानं गळा दाबतोय. आबा हॉटेलात आले की बाकड्यावरची दोन्हीकडची माणसं उठून जात. आठवडाभरात त्यांनी हॉटेलात येणं सोडलं. एका गोष्टीवर गावात एकमत झालं होतं, ते म्हणजे आबांशी बोलायचं नाही.

मी बोलायला गेलो, पण भांडायला. म्हटलं, "आबा, गावानं निकाल दिलाय. तो लांबवणारे तुम्ही कोण?"

"निकाल एका दुपारी लागला, बीए. पाणी काय एका दुपारी वळतंय व्हय? खाली गाळ हाय, दगड हाय. हळूहळू मिटवलं की व्हाणारं पाणीच त्येला धुवून न्हेतंय. आन् गव्हाला बी तेवढाच वलावा. हरली तरी ती माणसं उद्या ह्याच गावात ऱ्हाणार हायती न्हवं?"

"आणि आमची विहीर? आमच्या वाट्याला नेहमी 'नंतर'च येतं. शाळेत नंतर, पाणवठ्यावर नंतर. ह्या वेळी आम्ही जिंकलोय, तरी नंतरच?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चाकाकडं बघितलं. माझं म्हणणं त्यांना लागलं होतं, हे मला दिसलं. आजही मला वाटतं, की मी बोललो त्यात खोटं काही नव्हतं.

बाराव्या दिवसानंतरची सकाळ. आबांना सोसायटीच्या कामाला परंड्याला जायचं होतं. त्यांनी मला निरोप धाडून बोलावून घेतलं. चाकाची साखळी सोडली आणि म्हणाले, "माझ्यावर इश्वास न्हाय ना तुझा? मग आजचा फेरा तू दे. एकच. जास्तीचा दिलास तर दगड झडपंखाली दाबंल."

फेरा द्यायला त्यांनी गावातला कुणीही निवडला असता. त्यांनी मला निवडलं. आमच्या वस्तीतल्या माणसाचा हात त्या चाकाला तोवर लागला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

मी दुपारी एक फेरा दिला. चाक अगदी सहज फिरलं. आईची वाटी डोळ्यांपुढं आली. दुसरा दिला. दगड-गाळ म्हणजे वेळ काढायची सबब, असं मी मनाशी म्हणालो आणि तिसरा, चौथा देत गेलो. सहाव्याला चाक जड झालं. मी पाय भिंतीला लावून जोर दिला. खालून कट्टकन आवाज आला आणि चाक हातात सैल पडलं. दांडी वाकली होती. झडप खोबणीतून निसटली आणि तिरकी होऊन दगडावर अडकली, ती वर येईना की खाली जाईना. तोंड मोकळं झालं होतं आणि पाणी पाटातून भसाभसा चाललं होतं.

तालुक्याहून दुरुस्तीचा माणूस यायला चार दिवस गेले. चार दिवस आबा छातीएवढ्या गार पाण्यात उभे राहून पाटाच्या तोंडाशी मातीची पोती लावत होते. मीही होतो शेजारी. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. म्हणायचे फक्त, "पोतं दे." पाणी गव्हात मावेना, नाल्यानं वाहून गेलं. पाटाखालच्यांच्या कामी आलं नाही, विहिरींना राहिलं नाही. आमची विहीर नेहमीप्रमाणं सगळ्यात आधी आटली.

देवळापुढं सभा बसली. चेअरमननी विचारलं, "चाक कुणी फिरवलं?" अख्खं गाव चिडलेलं. त्या वेळी माझं नाव निघालं असतं तर ते माझ्या एकट्यावर राहिलं नसतं. आमच्या वस्तीचं रानातलं काम, गिरणी, दुकान, सगळं बंद झालं असतं. मी कडेला उभा होतो, आबांच्या डावीकडं. तोंड उघडलं, "आबा, मी..." आबांनी मान वळवली नाही. गावाकडं बघत म्हणाले, "चाक माझ्या ताब्यात व्हतं. दुसऱ्याचं नाव कशाला?"

माझं वाक्य तिथंच राहिलं. ते मी पुरं करू शकलो असतो. कुणी माझ्या तोंडावर हात ठेवला नव्हता.

आबांचं काम गेलं. त्या रात्री आई जेवली नाही. म्हणाली, "त्येंनी तुला न्हाय वाचवलं, वस्तीला वाचवलं. पर तू बोलाया पायजे व्हतंस रं."

तळ्यावर नवी दांडी आली, नवा पाटकरी आला. जुनी वाकडी दांडी भिंतीच्या कडेला पडून होती. आबा तरीही सकाळी यायचे, तिच्याजवळ बसायचे, आणि एकदा मी पाहिलं, सवयीनं तिच्यावर कान टेकवून होते. त्या लोखंडाला आता खाली पाणी नव्हतं, काही नव्हतं. मी लांबूनच परतलो.

पुढं मला उस्मानाबादला नोकरी लागली. एकदा गावाहून परतताना परंड्याच्या स्टँडवर आबा दिसले. एक पिशवी, एक घोंगडी. कायमचे लेकीकडं, बार्शीवरून अणदूरला निघाले होते. पोचवायला कुणी आलं नव्हतं. मी शेजारी जाऊन बसलो आणि सगळं बोललो. फेरे किती दिले, का दिले, सभेत का गप्प बसलो, सगळं. आबा समोर बघत होते. बोलणं संपल्यावर माझ्या ध्यानात आलं, की मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो.

चुकून बसलो नव्हतो. उजवीकडं बाकडं रिकामं होतं.

ते म्हणाले, "बार्शीची गाडी लागली का बग रं, बीए." लागली होती. मी पिशवी वर चढवून दिली. खिडकीतून त्यांनी माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. बघितलं तर त्या दिवशीचा चिंचोका होता, खिशात राहून राहून गुळगुळीत झालेला. गाडी हलली.

आबा अणदूरलाच वारले, हे मला फार उशिरा कळलं. गावात अजूनही सांगतात, की म्हाताऱ्यानं तळं रिकामं केलं. तेव्हा ज्यांनी हे ऐकलंय त्यांच्यासाठी, आणि आबांच्या उजव्या कानासाठी, एवढ्या वर्षांनी मी वाक्य पुरं करतो : चाक मी फिरवलं. आबांनी एकच फेरा सांगितला होता.