पेल्यातलं पाणी आणि मधला स्पीकर

वडिलांना टीव्हीवरचं बोलणं कळेनासं झालं, म्हणून होम थिएटरचा मधला स्पीकर घ्यायला मी नसरापूरला गेलो. बोलणं येतं ते त्याच स्पीकरातून. दुकानदाराने मात्र वरातीतलं गाणं लावलं आणि स्पीकरवर पाण्याचा पेला ठेवला. आमच्याकडे स्पीकर असाच पारखतात. पाणी जितकं उडेल तितका माल भारी.

"बघा, कसला हाणतोय!"

माझं डोकंच फिरलं. "मला वरात काढायची न्हाई. बातम्या लावा!"

"बोलणं काय, कुठल्याबी डब्यातनं येतंय," तो म्हणाला.

मी तिथंच ठाण मांडलं. तीन स्पीकरांवर बातम्या लावायला लावल्या आणि ज्यातून बातम्या देणाऱ्या बाईचा शब्द न् शब्द कळला, तोच उचलला.

घरी तो टीव्हीखाली बसवला. वडिलांनी अख्ख्या बातम्या ऐकल्या. मी टीव्हीमागच्या वायरी बांधता बांधता त्या दुकानदाराचा उद्धार करत होतो. वडील हूं की चूं करेनात, तेव्हा तसाच वाकून खेकसलो, "ऐकू आलं का?"

"तिचं आलं," ते म्हणाले. "ती माझ्याकडं बघून बोलती. तुझी आपली कायम पाठच."